नागपुरात अ‍ॅब्सर्ड नाटक उभं करताना

आमच्या हौशी गटाने वर्षभर खपून एक अ‍ॅब्सर्ड नाटक, म्हणजे सरळ गोष्ट किंवा ठरलेला अर्थ नसलेलं नाटक, उभं केलं. पहिल्या प्रयोगाला अर्ध्या लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि उरलेल्यांपैकी बरेच जण खरोखर चिडले होते. तेव्हापासून नव्या गटांतली मुलंमुली फोन करतात. आधी हॉल, प्रमाणपत्र, खर्च असं विचारतात आणि फोन ठेवता ठेवता हळूच म्हणतात, "ताई, लोकं चिडली तर काय करायचं?" म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवते आहे.

नाटक आमच्याच गटातल्या एकाने लिहिलं. घरातलं लग्न आटोपतं, वरात जाते, मांडव निघतो, पण बँडमधला झांजवाला घरातच राहतो. त्याला कोणी जा म्हणत नाही, तू कोण असंही विचारत नाही. घरातलं कोणी काही महत्त्वाचं बोलायला तोंड उघडलं की तो झांज वाजवतो. हळूहळू घर त्याच्या आवाजाप्रमाणे जगायला लागतं. दुसऱ्या अंकात तो झोपलेला असतो, तेव्हा सगळे वाक्याच्या मधोमध थांबून झांजेची वाट पाहतात. गोष्ट म्हणावी तर एवढीच.

पहिलं वाचन १६ जून २०२४ ला बजाजनगरात एका सदस्याच्या घरी झालं. कूलरच्या आवाजावर मात करत लेखकाने वाचलं. वाचन संपल्यावर खोलीतच दोन तट पडले. गटातले सगळ्यात अनुभवी नट म्हणाले, "मी लोकांसमोर कशासाठी उभा आहे हे मला माहीत पाहिजे. या माणसाचं मला काही सापडत नाही." त्यांनी भूमिका घेतली नाही. मला वाईट वाटलं, पण त्यांचं म्हणणं प्रामाणिक होतं. पुढे तिकिटं खपवण्यात सर्वांत पुढे तेच होते. असं नाटक करणाऱ्यांनी पहिल्या वाचनाला नाटक न आवडणारी माणसं मुद्दाम बोलवावीत. सभागृहात जे ऐकायला मिळणार असतं, त्यातलं निम्मं तिथेच ऐकायला मिळतं.

जुलैत संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवली. महाराष्ट्रात नाटकाचा जाहीर प्रयोग करायचा तर मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. अर्ज, संहितेची स्वच्छ प्रत, लेखकाचं संमतिपत्र आणि शुल्क अशी आमची तयारी होती. नियम आणि शुल्क बदलत असतात, तेव्हा मागच्या वर्षी कोणी काय केलं यावर न जाता ताजी माहिती घ्या. अ‍ॅब्सर्ड नाटकवाल्यांनी एक गोष्ट खास लक्षात ठेवावी. प्रमाणपत्र मिळतं ते लिहिलेल्या संहितेला. "इथे नट सुचेल ते करतात" असं लिहून भागत नाही. म्हणून आम्ही मूक जागाही सविस्तर लिहिल्या. झांज कोणत्या शब्दावर वाजते, कोण कुठे पाहतं, वाटी कोण उचलतं, सगळं कागदावर आणलं. या कामात आठवडे गेले, पण तालमीत त्याचा फार उपयोग झाला. ऑगस्टच्या मध्यावर प्रमाणपत्र हातात आलं. त्याच्या चार-पाच झेरॉक्स काढून ठेवा, हॉलच्या अर्जापासून प्रत्येक ठिकाणी ती मागतात.

बँड म्हटला की सिनेमाचं गाणं आलंच, असं सगळ्यांना वाटत होतं. आम्ही एकही गाणं घेतलं नाही. ध्वनिमुद्रित संगीत जाहीर प्रयोगात वाजवायचं तर त्याचा परवाना काढावा लागतो, आणि नाटकालाही झांजेखेरीज कशाची गरज नव्हती.

झांज मात्र खरी हवी होती. इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानांतून फिरून शेवटी एका बँडवाल्याकडची जुनी जोडी २,२०० रुपयांत मिळाली. झांजवाल्याची भूमिका करणारा आमचा मित्र पोस्टात आहे. पहिल्या दिवशी त्याने दोन्ही ताटल्या समोरासमोर धरून आपटल्या, तर 'थप्प' असा मेलेला आवाज आला. बँडवाले काका हसले नाहीत. त्यांनी त्याचे हात हातात घेतले आणि चामड्याची वादी मनगटावरून फिरवून मुठीत कशी धरायची ते दाखवलं. म्हणाले, "सरळ आपटू नका भाऊ, मधात वारा अडकते. तिरपी येऊ द्या, एक कड आधी लागली पाह्यजे. अन् बंद कराची असन तं छातीले लावा." मित्राने तिरपी झांज मारली आणि खोलीतल्या खिडक्यांची तावदानं थरथरली. झांज छातीशी दाबताच आवाज तुटला. आमच्या नाटकाला जी शांतता हवी होती ती त्या तुटण्यात होती. ते मला त्या क्षणी कळलं आणि पुढच्या सगळ्या तालमी आम्ही त्याभोवती रचल्या. काका नंतर अधूनमधून तालमीला यायचे, कोपऱ्यात बसून पाहायचे.

सप्टेंबरच्या सुरुवातीला पोळा झाला. दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक असल्यामुळे महाल भागात राहणाऱ्या दोघांना घराबाहेर पडणं शक्य नव्हतं. तालीम बंद ठेवून मीही मिरवणूक पाहायला गेले. काळी मारबत, पिवळी मारबत, वर्षभरातल्या प्रत्येक रागाचे बडगे, आणि "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" ओरडणारी गर्दी. त्या पुतळ्यांचा अर्थ कोणी कोणाला विचारत नाही. आपल्या गावाला विचित्र गोष्टी पाहण्याची सवय नाही असं म्हणणाऱ्यांशी मी तेव्हापासून वाद घालते. सवय आहे. सभागृहात तिकीट काढून बसल्यावर अपेक्षा वेगळ्या होतात, एवढंच.

प्रयोगाची तारीख ठरवणं हे या सगळ्यातलं सर्वांत किचकट काम निघालं. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, त्या आठवड्यात शहरात हलणं कठीण. मग दिवाळी. नोव्हेंबरात हौशी मंडळी राज्य नाट्य स्पर्धेत अडकलेली. त्यात २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान आलं. मी शिक्षिका, गटात आणखी एक शिक्षक आणि एक महसूल खात्यातला, म्हणजे तिघांनाही निवडणुकीचं काम. प्रशिक्षणं, नेमणुका, मतदान यंत्रांची वाहतूक यात महिना गेला. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन, म्हणजे सिव्हिल लाइन्सकडे बंदोबस्त आणि वळवलेले रस्ते. असं सरकत सरकत रविवार, १९ जानेवारी २०२५ ही तारीख पक्की झाली. नागपुरात प्रयोग लावणाऱ्यांनी आधी कॅलेंडर घेऊन बसावं आणि संहिता त्यानंतर उघडावी.

हॉल निवडताना सुरेश भट सभागृहाचा विषय निघाला तो लगेच मिटला. तिथे दोन हजारांच्या आसपास खुर्च्या आहेत आणि आम्हाला चेहरे दिसायला हवे होते. पश्चिम नागपुरातलं एक लहान सभागृह घेतलं. भाडं १४,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, शिवाय ५,००० अनामत. प्रकाश आणि ध्वनीचे ९,०००. नेपथ्याचे ७,५००, त्यातही सोफा आणि जेवणाचं टेबल माझ्या घरचं. छपाई, कपडे, रंगभूषा आणि तालमीतला चहा-पोहा धरून एकूण आकडा पंचेचाळीस हजारांच्या पुढे गेला. तिकीट १५० रुपये ठेवलं. नाटकाचं तिकीट ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी लागत नाही, ती काळजी मिटली. तिकीटविक्रीतून साधारण ३२,००० आले. उरलेली तूट सगळ्यांनी समान वाटून घेतली, आणि ती तशी वाटली जाणार हे जूनमध्येच कागदावर लिहून सह्या केल्या होत्या. हे जरूर करा. पैशाची कुरबूर प्रयोगानंतर निघाली तर लोकांच्या प्रतिक्रियांशी तिची सरमिसळ होते आणि मग कोण कशामुळे दुखावलंय ते कळेनासं होतं.

जाहिरातीवरून तालमीइतकाच वाद झाला. तरुण मंडळींचं म्हणणं, काही सांगूच नका, लोकांना धक्का बसू द्या. मला ते पटेना. माणूस रविवारची संध्याकाळ देतो, दीडशे रुपये देतो. शेवटी पोस्टरवर ठळक छापलं, "या नाटकाला सरळ गोष्ट नाही. प्रयोगानंतर चर्चा आहे, मतभेदासह या." तरी लग्न आणि बँड या शब्दांमुळे बरेच जण विनोदी नाटक समजून आले. काही तर नातवंडांना घेऊन आले.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांच्या पोटात गोळा होता. एका तालमीनंतर मी त्यांना सॅम्युअल बेकेटच्या 'वेटिंग फॉर गोदो' या गाजलेल्या नाटकाबद्दल सांगितलं. ५ जानेवारी १९५३ ला पॅरिसमध्ये त्याचा पहिला प्रयोग झाला. १९५६ च्या जानेवारीत अमेरिकेत मायामीला विनोदी नाटक म्हणून जाहिरात झाली आणि पहिल्याच रात्री प्रेक्षक मोठ्या संख्येने मध्येच उठून गेले. पुढच्याच वर्षी, १९ नोव्हेंबर १९५७ ला, सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात सुमारे १,४०० कैद्यांसमोर तेच नाटक झालं आणि कैद्यांनी ते शेवटपर्यंत मन लावून पाहिलं. आपल्या शहराचंही सांगितलं. महेश एलकुंचवारांच्या 'प्रतिबिंब'मधला माणूस सकाळी उठतो तर आरशात त्याचं प्रतिबिंबच नसतं. हे नाटक लिहिणारा लेखक याच गावात राहतो. त्या संध्याकाळी मुलं जरा सैल झाली.

मध्यंतर ठेवायचं की नाही, हा शेवटचा निर्णय होता. मध्यंतर नसेल तर लोक उठायला लाजतात आणि सभागृह भरलेलं राहतं. आम्ही मध्यंतर ठेवलं. ज्याला जायचंय त्याला मान खाली न घालता जाता यावं.

प्रयोगाच्या दिवशी कडाक्याची थंडी होती. शाली, कानटोप्या, आणि आमच्या प्रत्येक शांततेत खोकला. पहिली वीस मिनिटं भरपूर हशा होता. मग जेवणाच्या टेबलाचा प्रवेश आला. वडील भाताचा घास हातात धरून म्हणतात, "मला तुम्हाला एक सांगायचं होतं," आणि झांज वाजते. आई वरण वाढते. वडील पुन्हा सुरू करतात, पुन्हा झांज. असं होत राहतं. चौथ्यांदा लोक हसले, सहाव्यांदा थोडे हसले, नंतर कोणीच हसलं नाही. मागून एक आवाज आला, "अरे बोलू द्या ना त्याला!" तो आवाज रागाचा होता की कळवळ्याचा, मला आजही सांगता येत नाही. शेवटी वडीलच तोंड उघडण्याआधी झांजवाल्याकडे पाहायला लागतात, आणि मग नुसते ओठ हलवून, आवाज न काढता सगळं सांगतात. झांज वाजत नाही. घरातले म्हणतात, "बरं." मी विंगेत उभी होते. पहिल्या रांगेतले एक गृहस्थ घड्याळ पाहत होते आणि त्यांच्या शेजारची बाई पदराने डोळे टिपत होती.

मध्यंतरानंतर पन्नासेक खुर्च्या रिकाम्या झाल्या. दुसऱ्या अंकाआधी ते मी नटांना स्पष्ट सांगितलं. प्रकाशात गेल्यावर अचानक दिसण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

प्रयोग संपल्यावर चर्चेला पंचवीस मिनिटं ठेवली होती. हॉल वेळेत रिकामा केला नाही तर जादा आकार पडतो, आणि मेट्रोने आलेल्यांना दहाच्या आत निघावं लागतं. आमचं आधी ठरलं होतं की माइक प्रेक्षकांत फिरेल आणि आमच्यातलं कोणी नाटकाची बाजू मांडणार नाही.

पहिले उठले ते घड्याळवाले गृहस्थ. "धरमपेठेतून बायकोला घेऊन आलोय. मला फक्त एवढंच सांगा, तो झांजवाला कोण आहे?" मी खरं ते सांगितलं, की वर्षभरात आमच्यातही त्यावर एकमत झालेलं नाही. "मग आम्हाला कशाला बोलावलं?" त्यांनी विचारलं, आणि सभागृहात टाळ्या पडल्या, चांगल्या जोरात पडल्या. नट मंचाच्या पायरीवर बसले होते. आईचं काम करणाऱ्या मुलीने माझा हात घट्ट धरला.

मागच्या रांगेतून एक बाई उभ्या राहिल्या. "काका, आमच्या घरी झांज नाही. मी बोलायला लागले की टीव्हीचा आवाज वाढवतात." सगळे एकदम गप्प झाले. घड्याळवाले काका मागे वळले आणि शांतपणे म्हणाले, "ते तुमच्या घरचं झालं ताई. मला वाईट वाटतं. पण नाटकात ते दिसायला नको का?" बाई म्हणाल्या, "मला दिसलं." काका म्हणाले, "मला नाही दिसलं." दोघांच्याही आवाजात एकमेकांबद्दल आदर होता. नंतरची दहा मिनिटं लोक आमच्याशी बोललेच नाहीत, आपापसात बोलले. एका कॉलेजच्या मुलाची तक्रार अगदी उलटी होती. वडील आवाजाशिवाय बोलतात तिथे आम्ही फारच सोपं करून सांगितलं, असं त्याला वाटलं.

सर्वांत शेवटी बँडवाले काका उठले. घरच्यांना घेऊन आले होते, अंगात कडक इस्त्रीचा सदरा होता. म्हणाले, "मले एकच म्हणाचं आहे. आमच्या माणसाले तुम्ही ताटावर बसवलं, हे चांगलं केलं. पण पुऱ्या नाटकात त्याचं नाव कोणीच विचारलं नाही. लग्नात बी कोणी विचारत नाही. इथं तरी विचारलं पाह्यजे होतं." कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आमचा लेखक खाली मान घालून लिहून घेत होता.

बाहेर पडताना प्रत्येकाला चिठ्ठी दिली होती. त्यावर दोनच प्रश्न होते. कुठे कंटाळा किंवा राग आला? कुठे आत काही हललं? अर्थ काय लागला, हे मुद्दाम विचारलं नाही. नव्वदच्या आसपास चिठ्ठ्या परत आल्या. घरी नेऊन त्या जमिनीवर पसरल्या, तर दोन्ही प्रश्नांखाली सर्वांत जास्त वेळा एकच जागा लिहिलेली होती, ती म्हणजे जेवणाचं टेबल. तीच चार-पाच मिनिटं. काहींनी तर दोन्ही प्रश्नांना तेच उत्तर दिलं होतं. एका चिठ्ठीवर फक्त "बंद करा ती झांज" असं लिहिलं होतं, पेन कागदातून आरपार गेलं होतं. मी ती जपून ठेवली आहे. इतकं जोरात लिहिणारा माणूस नाटकाच्या बाहेर नव्हता, असं मला मनापासून वाटतं. 'त्यांना कळलं नाही' हे वाक्य आम्ही त्या रात्रीपासून गटात वापरत नाही.

नटांना मात्र जपावं लागलं. त्या रात्री कोणी व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप वाचायचे नाहीत, असं आधीच ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे एकत्र बसून, मोठ्याने, एकानंतर एक वाचले. एका मुलीच्या सासूबाईंना नाटक अजिबात आवडलं नव्हतं आणि त्यांनी घरी तसं सांगितलं होतं. ती रडली. आम्ही तिला समजावत बसलो नाही, तिच्यासोबत बसलो. वडिलांचं काम करणारे दादा म्हणाले की दुसऱ्या प्रयोगात त्यांना तो प्रवेश तसाच करायचा आहे, एक झांजही कमी नको.

हॉलची अनामत फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात खात्यावर आली. पावती आणि हॉल ताब्यात दिल्याचा कागद जपून ठेवा, त्याशिवाय हे काम पुढे सरकत नाही.

दुसरा प्रयोग ९ फेब्रुवारीला झाला, एका संस्थेच्या छोट्या दालनात, सतरंज्या आणि खुर्च्या मिळून शंभर लोकांसाठी. दुपारी कटकला भारत-इंग्लंड सामना होता म्हणून वेळ सकाळी साडेदहाची ठेवली. संहितेतला शब्द बदलला नाही. झांज छातीशी दाबल्यानंतरच्या शांतता तेवढ्या थोड्या लांबवल्या. इतक्या जवळून झांजेचा आवाज अंगावर येत होता, पुढे बसलेल्या आजींनी कानावर हात ठेवले आणि तसेच ठेवून शेवटपर्यंत पाहिलं. चर्चेत पुन्हा दोन तट पडले. या वेळी मध्यंतरात फारसं कोणी गेलं नाही, पण "हे नाटकच नाही" असं ठामपणे सांगणारे होते आणि ते सगळ्यांत शेवटपर्यंत थांबले.

आता अमरावतीच्या एका गटाने बोलावलं आहे. त्यांची विनंती होती की प्रयोगाआधी दहा मिनिटं नाटक समजावून सांगावं. आम्ही नम्रपणे नाही म्हटलं, चर्चा नंतर हवी तितकी करू असं कळवलं. तारीख अजून ठरायची आहे, कारण मध्ये एक काम आहे. बँडवाल्या काकांच्या बोलण्यावर लेखकाने एक पान नव्याने लिहिलं. दुसऱ्या अंकात घरातली लहान मुलगी झोपलेल्या झांजवाल्याला हलवून उठवते आणि त्याचं नाव विचारते. तो नाव सांगतो की झांज उचलतो, यावर आमची तीन संध्याकाळी भांडणं झाली. वाक्य वाढलं म्हणजे संहिता बदलली, म्हणून सुधारित पान मंडळाकडे पाठवलं आहे. उत्तर आलं की अमरावतीचा हॉल बघायला जाऊ.